मास्टर सिलिंडर नवीन, लायनर नवीन, तरी पिकअपचा ब्रेक दगडासारखा

प्रश्न काय आहे ते आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. देवगड साइडचा एक भाऊ आहे, आंब्याच्या सीझनच्या तोंडावर नऊ वर्षं जुनी डिझेल पिकअप घेतली. गाडी रिकामी असताना ठीक वाटते, पण सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की ब्रेक कडक, पाय लावला तर भिंतीला लावल्यासारखा. थोडी रेस दिली की जरा नरम होतो. पेट्या भरून कोल्हापूरला गेला आणि येताना फोंडा घाटात तीन-चार वेळा लागोपाठ ब्रेक दाबला तर परत दगड. दोन्ही पाय लावून गाडी थांबवली म्हणतोय. गॅरेजवाल्याने आधी लायनर (चाकातल्या ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) बदलले, मग मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) बदलला, फरक काडीचा नाही. आता तो बूस्टर बदलूया म्हणतोय. आणि जाता जाता एक गोष्ट लिहिलीय, की गाडी विकणाऱ्याने "डायनामा नवीन टाकलाय, त्याची काळजी नको" असं सांगितलं होतं.

भावा, ते डायनाम्याचं (म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं) वाक्य तू सहज लिहिलंस पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, त्याच्याकडे येतो नंतर. आधी बूस्टरचे पैसे देऊ नकोस. आणि मुख्य म्हणजे हे मिटेपर्यंत गाडी भरून घाटात नेऊ नकोस, भाडं गेलं तर जाऊ दे.

माझं हायवेला कणकवली साइडला गॅरेज आहे, पंचवीस-सव्वीस वर्षं पिकअप-टेम्पोच बघतोय, आंबेवाले, मासेवाले, चिरेवाले सगळे. यात एक गोष्ट परत परत बघितली ती म्हणजे ब्रेक कडक आला की लोक ब्रेक ऑइलच्या मागे लागतात. मास्टर बदल, हवा काढ, ऑइल बदल. अरे पण हवा शिरली किंवा मास्टर गळपटला तर पेडल खाली जाईल ना, स्पंजी होईल, दोनदा पंप मारायला लागेल. तुझं पेडल वरच्या वर कडक आहे म्हणजे ऑइलची बाजू घट्ट धरून आहे. कडक पेडल बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगतं, एक तर तुझ्या पायाला मिळणारी मदत बंद झालीय नाहीतर चाकात काहीतरी अडकलंय. या दोघांतलं कुठलं हे फुकटात पाच मिनिटांत कळतं, त्याला पाना पण लागत नाही.

मदत म्हणजे काय ते जरा समजून घे, मग कुणी फसवणार नाही. पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या मध्ये तो काळा गोल डबा असतो ना, तो बूस्टर. आत मोठा रबरी पडदा, त्याने डब्याचे दोन भाग केलेत. दोन्हीकडची हवा ओढून घेतलेली असते, त्यालाच व्हॅक्यूम म्हणायचं, पाय लावलास की पेडलच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. नऊ इंची डबा धरला तर पडद्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटीमीटरच्या वर जातं आणि चांगल्या व्हॅक्यूमला दर चौरस सेंटीमीटरला पाऊण किलोच्या पुढे जोर मिळतो. म्हणजे कागदावर ३०० किलोचा माणूस तुझ्याबरोबर ब्रेक दाबतोय. तो माणूस रजेवर गेला की तू एकटा, म्हणून दोन पाय लावायला लागले.

पेट्रोल गाडीत ही हवा इंजिनच ओढतं. डिझेलला तसा व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून वेगळा पंप लागतो. आपल्याकडे जुने मिस्त्री त्याला एक्झॉस्टर म्हणतात. काही गाड्यांत तो कॅमशाफ्टवर असतो आणि बऱ्याच पिकअप-टेम्पोत डायनाम्याच्या पाठीला चिकटलेला असतो, डायनाम्याच्याच शाफ्टवर फिरतो. त्याच्या आत पट्ट्या असतात आणि त्यांना इंजिन ऑइल लागतं, त्यासाठी एक बारीक ऑइल नळी येते आणि एक जाडी नळी ऑइल परत इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये नेते. आता डायनामा नवीन म्हटल्यावर माझे कान का टवकारले ते कळलं असेल.

आता टेस्ट. सकाळी थंड गाडीवर कर, सपाट जागेवर, चाकांना दगड लाव. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाब, कडक होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून ठेव आणि स्टार्टर मार. इंजिन चालू झाल्यावर पेडल पायाखाली बोटभर खाली बसलं पाहिजे, एक-दोन सेकंदात. बसलं तर मदत येतेय. अजिबात बसलं नाही तर व्हॅक्यूमच येत नाही किंवा बूस्टर गेला. आणि हळूहळू, दहा-पंधरा सेकंदांनी किंवा रेस दिल्यावर बसलं तर पंप दमलाय नाहीतर नळीत अडथळा आहे. तू जे लिहिलंयस, रेस दिली की नरम, त्यावरून मला हे तिसरं वाटतंय, पण मी इथे बसून सांगण्यापेक्षा तू करून बघ.

दुसरी टेस्ट. इंजिन दोन मिनिटं चालव, बंद कर, पाच मिनिटं थांब, चहा पी. मग पेडल दाब. पहिला दाब खोल गेला पाहिजे, दुसरा थोडा वर, तिसरा अजून वर. म्हणजे डब्यात साठा टिकला. पहिल्याच दाबाला कडक असेल तर साठा गळून गेला, मग चेक व्हॉल्व्ह, नळी नाहीतर पडदा. तिसरी, इंजिन चालू असताना पेडल दाबून धर, तसंच धरून इंजिन बंद कर आणि तीस सेकंद पाय हलवू नकोस. पेडल पायाला वर ढकलायला लागलं तर बूस्टर आतून हवा सोडतोय.

हे करताना गाडीतला टेप बंद ठेव आणि कान दे. पेडल दाबताना क्षणभर सुस्कारा ऐकू येतो, तो असायचाच, हवा आत जातेय. पण पेडल धरून ठेवलंय आणि डॅशबोर्डखाली सूं... चालूच आहे, तर डब्याचा पडदा किंवा आतला व्हॉल्व्ह गेला. त्यात बऱ्याचदा इंजिनचा आयडल (रेस न देता चालतं तो वेग) पण बदलतो, पण डिझेलला ते तितकं जाणवत नाही म्हणून त्यावर विसंबू नकोस.

मदत बरोबर येतेय असं निघालं तर खालचा व्हॅक्यूमचा भाग सोड आणि चाकांकडे जा, ते पुढे लिहिलंय.

व्हॅक्यूम बाजूला मी पहिलं काय बघतो तर नळी. कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा तीच निघते. मालवणचा एक मासेवाला आला होता, दोन गॅरेज फिरून. त्याने जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाय, म्हणाला, "ब्रेक लागता, पण गाडी थांबणा नाय." इतकं नेमकं तर पुस्तकात पण लिहिलेलं नसेल. नळी बाहेरून बघितली तर काळीभोर, कुठे चीर नाही, क्लिपा घट्ट. आयडलला ठीक आणि रेस दिली की कडक, म्हणजे तुझ्या उलटं. नळी काढून दाढीच्या ब्लेडने उभी चिरली तर आतलं रबर इंजिन ऑइल खाऊन फुगलेलं आणि आमसुलाच्या सालासारखं सुटून आत लोंबत होतं. पंपाने जोरात ओढलं की ते साल मागे ओढलं जाऊन भोकावर बसायचं, झडप लागल्यासारखं. बाहेरून दाबून हे कळणार नाही. नऊ वर्षं जुनी नळी असेल तर चर्चा करू नकोस, बदलून टाक, पण व्हॅक्यूमचीच नळी घे. मी लोकांनी पाण्याचा पाइप, डिझेलचा पाइप, एकाने तर बागेतल्या ठिबकचा पाइप लावलेला बघितलाय. साधा पाइप गरम झाला की चप्पट बसतो आणि मग परत तेच.

नळीवर किंवा डब्याच्या तोंडावर एक चेक व्हॉल्व्ह असतो, प्लॅस्टिकचा, अंगठ्याएवढा. हवा डब्यातून पंपाकडे जाऊ देतो, उलटी येऊ देत नाही. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केल्यावर तो डब्यातून हलक्या हाताने उपटलास की फुस्स असा आवाज आला पाहिजे. आला तर डबा साठा धरतोय. मग व्हॉल्व्ह पुसून तोंडाने बघ, एका बाजूने फुंकर जाईल, दुसऱ्या बाजूने नाही. दोन्हीकडून गेली की फेक. दोन्हीकडून बंद तर तेव्हाही फेक. आणि आत ऑइलचा चिकटा असेल तर लक्षात ठेव, पंपाकडून ऑइल मागे येतंय, ते डब्यात गेलं की पडद्याचं रबर खातं.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका आंबेवाल्याला मी बूस्टर बदलायला लावला, त्या वेळी ती रक्कम त्याला झेपणारी नव्हती. नवीन बूस्टर लावला तरी कडक. रात्री नऊला कळलं की आधीच्या कोणीतरी चेक व्हॉल्व्ह उलटा बसवलेला. नळीच्या मधला व्हॉल्व्ह होता, त्याच्यावर बाण असतो, बाण पंपाकडे पाहिजे, तो डब्याकडे होता. जुना बूस्टर चांगलाच होता. मी त्याला मजुरी लावली नाही पण बूस्टरचे पैसे तर गेलेच ना त्याचे. तेव्हापासून व्हॉल्व्ह हातात घेऊन फुंकल्याशिवाय मी डब्याचं नाव काढत नाही.

आता पंप. यासाठी व्हॅक्यूम गेज लागतं. चांगल्या गॅरेजमध्ये असतं, नसेल तर स्वतःचं घे, एका चुकीच्या बूस्टरच्या मानाने काहीच नाही. नळी डब्यापासून सोडवून गेज सरळ पंपाच्या तोंडाला लाव, मध्ये काही नको. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो, त्याच्या पलीकडे कुठलाच पंप जाणार नाही. चांगला पंप आयडलला थोड्या सेकंदांत ६०० च्या वर चढतो आणि तिथे काटा स्थिर राहतो. मी स्वतः ५०० च्या खाली राहिला की पंपाला सोडत नाही. रेस दिल्यावरच चढतो, आयडलला पडतो, तर पट्ट्या झिजल्या. घाटमाथ्यावर गेज लावलंस तर थोडं कमीच दाखवेल कारण तिथे हवाच विरळ, त्याला घाबरू नकोस.

पंपावर आकडा चांगला आला तर गेज टी आकाराचा जोड लावून डब्याजवळ जोड. इथे आकडा पडला तर नळी. नळी नवीन असूनही पडला तर डबा गळतोय. मग इंजिन बंद करून काटा बघत बस, भराभरा खाली आला तर कुठून येतोय ते एकेक तोंड बंद करून शोध. आणि एक, नव्या पद्धतीच्या कॉमन रेल गाड्यांत हीच व्हॅक्यूम लाइन टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरला आणि ईजीआरला (धूर थोडा परत इंजिनात फिरवतो त्या व्हॉल्व्हला) पण जाते, बारीक बारीक नळ्या असतात, सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह असतात. त्यातली एक नळी उंदराने कुरतडली तरी ब्रेक कडक येतो. आंब्याच्या बागेत गाडी उभी असते रात्री, उंदीर काय कमी आहेत. म्हणून कोणी सांगितलं की ब्रेक पण कडक आणि गाडीची ओढ पण मेली, दोन्ही एकदमच, की मी सगळ्यात आधी त्या बारीक नळ्यांना बूच मारून बघतो.

आणि हे आता डायनाम्याचं. बॉनेट उघड आणि डायनाम्याच्या पाठीकडे टॉर्च मार. तीन नळ्या दिसतात का? एक जाडी बूस्टरकडे जाणारी, एक बारीक ऑइलची, एक ऑइल परत जाणारी. माझ्याकडे दोन-तीन वर्षांपूर्वी अगदी अशीच केस आली होती. पंपाची सील गेलेली, ऑइल डायनाम्यात शिरत होतं, चार्जिंग बंद पडलं. इलेक्ट्रिशियनने डायनामा भरून (आतली तार नवीन गुंडाळून) दिला आणि परत ऑइल येऊ नये म्हणून ऑइलच्या बारीक नळीत बोल्ट घालून बंद करून टाकली. त्याच्या दृष्टीने काम झालं, डायनामा कोरडा, बत्ती विझली. पण पंपाच्या पट्ट्या कोरड्या फिरत राहिल्या. महिनाभर ब्रेक ठीक, मग सकाळी कडक, मग सारखाच कडक. पंप उघडला तर आत काळी भुकटी, पट्ट्या अर्ध्या झिजून गेलेल्या, आणि बॉडीला आतून चरे. मालकाला त्याच्याआधी दोनदा ब्रेकचं काम करून मिळालेलं होतं, तुझ्यासारखंच. तुझ्या गाडीत असंच झालंय असं मी छातीठोक सांगत नाही, पण लक्षणं जुळतात. कोणी कोणी दुसऱ्या मॉडेलचा डायनामा चढवतात, त्याचा पंप छोटा असतो, तो पण प्रकार बघ.

पंप बदललास तर ऑइल नळी नुसती जोडून थांबू नकोस. ती सोडवून क्षणभर स्टार्टर मारून ऑइल येतंय का बघ, बऱ्याचदा आत काजळीने बुजलेली असते. नवीन पंपात बसवताना चमचाभर इंजिन ऑइल घाल, पहिल्या फिरण्यात कोरडा नको. बेल्ट पण बघ. बेल्ट ढिला असेल तर पावसाळ्यात ओला झाला की घसरतो, किर्रर्र आवाज येतो, बॅटरीची बत्ती लुकलुकते आणि त्याच वेळी ब्रेक कडक. बत्ती आणि ब्रेक दोन्ही एकत्र बिघडले तर बेल्टचाच ताण आधी बघायचा, बाकी सगळं नंतर.

बूस्टरच गेला असं सगळं करून निघालं तर अख्खा बदल. डब्याचा पत्रा पिळून बंद केलेला असतो, आपल्याकडे लोक तो उघडून किट टाकून परत ठोकून देतात, चालतो पण काही दिवस. घाट चढउतर करणाऱ्या गाडीला मी ते करत नाही, गिऱ्हाईक ओरडलं तरी. आणि जुना काढताना मास्टरचे दोन नट सोडून मास्टर जरा पुढे ओढ, पाइप वाकवू नकोस, आणि डब्याच्या तोंडात बोट फिरव. ओलं लागलं तर मास्टरची मागची सील गळत होती आणि ब्रेक ऑइल डब्यात जात होतं. ज्यांच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी खाली जाते पण जमिनीवर, चाकात कुठे डाग दिसत नाही, त्यांचं ऑइल बऱ्याचदा इथेच गेलेलं असतं.

तुझा मास्टर नुकताच बदललाय म्हणून अजून एक. बूस्टरमधून मास्टरला ढकलणारी काडी असते, पुशरॉड. ती नवीन मास्टरला जरा जरी लांब पडली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल बाटलीत परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. गाडी गॅरेजमधून निघताना मस्त, पाच-सात किलोमीटरवर चाकं तापायला लागतात, पेडल वर वर येतं, कडक होतं आणि शेवटी गाडी स्वतःच ब्रेक लावून उभी राहते. असं झालं तर गाडी तशीच जॅम असताना मास्टरचे दोन नट दोन-तीन आटे ढिले कर. चाकं सुटली तर काडी लांब आहे. नाही सुटली तर मास्टरवरचा पाइप ढिला कर, आता सुटली तर मास्टर. तरीही नाही आणि एखाद्या चाकाचं हवा काढायचं निप्पल उघडल्यावरच ते चाक सुटलं, तर त्या चाकाची रबरी ब्रेक नळी आतून सुजून बंद झालीय, ऑइल जातं पण परत येत नाही. हे तीन टप्पे ज्याला माहीत आहेत त्याला ब्रेक जॅमची केस अर्ध्या तासात सुटते. गरम चाकाला हात लावू नकोस फक्त, आणि ऑइल रंगावर सांडलं तर पाणी मार लगेच.

बाटलीचं झाकण पण उघडून बघ. आतला रबरी पडदा फुगून चुरमडलेला असेल, झाकणात परत बसत नसेल तर कोणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी स्टेअरिंगचं नाहीतर इंजिनचं ऑइल ओतलंय. सेकंडहँड गाडीत हे मी चार-पाच वेळा तरी बघितलंय. घरी करायची टेस्ट, काचेच्या ग्लासात पाणी घे, बाटलीतलं ऑइल चार थेंब टाक आणि ढवळ. खरं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, दुसरं ऑइल वर तरंगतं. तरंगलं तर मास्टरपासून चाकापर्यंत सगळं रबर बदलायला लागेल, नुसतं ऑइल बदलून भागत नाही, कारण रबर फुगलेलं राहतं आणि ब्रेक सुटत नाही.

बरं, आता समजा टेस्टमध्ये पेडल छान बोटभर खाली बसलं, गेज चांगलं, म्हणजे मदत येतेय, तरी पण गाडी थांबत नाही. मग चाकांकडे ये. इथे कोकणातली हवा तिचं काम करते. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, जिथे मासे भरतात तिथल्या गाड्या वर करून बघ कधी. हौद्यातून बर्फाचं खारं पाणी रात्रभर चॅसीवर टपकत असतं, मागचा सगळा ब्रेकचा भाग गंजाने फुगलेला. तुझ्या आधीचा मालक मासे भरायचा का ते विचार, किंवा नको विचारू, हौद्याच्या खालच्या कडा आणि मागच्या ब्रेकचे लोखंडी पाइप बघ, लगेच कळेल. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबतो त्या भागाच्या) पिना हाताने सरकल्या पाहिजेत. गंजून बसल्या तर एकच पॅड घासतं, दुसरं नवंकोरं राहतं. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लाव, चाकातलं साधं ग्रीस लावलंस तर तिथलं रबर फुगेल आणि दोन महिन्यांनी परत पिना जाम.

लायनर नवीन टाकलेत म्हणतोस. ड्रम काढून लायनर बघ, पूर्ण घासलेत की फक्त मध्ये पट्टा पडलाय? ड्रम लेथवर टर्न करून करून मोठा झाला असेल तर नवीन लायनर त्याला सगळीकडे टेकत नाही, मध्येच टेकतो, मग पेडल घट्ट आणि ब्रेक अर्धा. आणि काचेसारखा चकचकीत झाला असेल तर जळून ग्लेझ झालाय. पॉलिश पेपर मारून थोडे दिवस निघतील पण का जळला ते शोधायला लागेल. हलक्या प्रतीचा लायनर असतो, कडक असतो, टिकतो भरपूर पण थांबवत नाही, स्वस्तात मिळाला म्हणून खूश होऊ नकोस. एक्सलच्या सीलमधून ऑइल येऊन लायनर भिजला असेल तर पेट्रोलने धुवून परत लावायचा नाही, बदलायचा, आणि आधी सील.

एक गोष्ट मात्र बरेच मिस्त्री पण बघत नाहीत. काही पिकअपना मागच्या एक्सलच्या वर चॅसीला एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली. गाडी भरली की मागून बसते, दांडी हलते, आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाढवून मिळतो. रिकामी असताना कमी, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. हुशार वस्तू आहे. पण ती गंजून रिकाम्याच्या पोझिशनला अडकली तर दीड टन भरलेली गाडी पुढच्या दोन चाकांवरच थांबवायला लागते, पेडल घट्ट आणि गाडी पुढेच चाललीय. हाताने दांडी हलवून बघ. आणि ती चांगली असली तरी एक गंमत होते. आपल्याकडे चिरे भरायला म्हणून मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवतात. पाटे वाढवले की गाडी भरली तरी बसत नाही, मग त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे! लोड डबल, मागचा ब्रेक अर्धा. चिऱ्याच्या खाणीवरून आलेली गाडी असेल तर पाटे मोज, कंपनीचे किती आणि आता किती. जास्त असतील तर काढून टाक किंवा व्हॉल्व्हची दांडी जाणत्या माणसाकडून सेट करून घे, स्वतः वाकवू नकोस, जास्त झालं तर मागची चाकं लॉक होऊन पावसात गाडी आडवी जाईल.

पेडलचा खिळा पण बघ, सगळ्यात वरचा, जिथे पेडल लटकतं. गंजला तर नुसता हाताने पेडल हलवताना जड लागतो. दोन मिनिटांचं काम आहे, मी एकदा अर्धा दिवस घालवलाय यात.

ब्रेक ऑइल जुनं झालं तर पेडल कडक होत नाही, उलट होतं. ते हवेतलं पाणी पितं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं असतं काय. डॉट ४ ऑइल नवीन असताना २३० अंशाच्या वर उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ ला पण उकळू शकतं, मग घाटात पेडल फ्लोअरला जातं. दोन वर्षांनी बदल, एवढंच. तुझी तक्रार ती नाही.

आणि घाट. फोंडा असो, करूळ असो, आंबोली असो, ज्या गिअरला चढायचं त्या गिअरला उतरायचं हे सगळ्यांना माहीत असतं आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल पण सगळेच करतात. काही महाभाग तर चावीच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, डब्यात साठा दोन-तीन दाबांचा, चौथ्या दाबाला दगड, वर चावी काढली तर स्टेअरिंग पण लॉक. तुझं झालं ते थोडं असंच, पंप आधीच दमलेला, आयडलला उतरत होतास, तीन-चार दाबांत साठा संपला आणि पंपाला भरायला वेळ मिळाला नाही. परत असं झालंच तर पंप मारत बसू नकोस, प्रत्येक दाबाला उरलेली मदत पण जाते. एकदाच जीव लावून दाब आणि धरून ठेव, गिअर खाली टाक, हँडब्रेक हळूहळू ओढ, झटका नको, आणि इंजिन बंद पडू देऊ नकोस. दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला घे.

तर आता तू उद्या सकाळी थंड गाडीवर ती पहिली टेस्ट कर, चेक व्हॉल्व्ह उपटून फुस्स येतंय का बघ, आणि डायनाम्याच्या पाठीचा मोबाइलने फोटो काढ, ऑइलची बारीक नळी कुठे जाते ते दिसलं पाहिजे. तिच्या तोंडात बोल्ट दिसला तर मला गेजचा आकडा पण नको, पंप काढायला घे.